पिवळ्या चोचीचा करकोचा

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलांना नाही. विठोबापुढे डोळे मिटून उभा राहायचो तेव्हासुद्धा मनातल्या मनात या गोष्टीला वळसा घालून पुढे जायचो. तुम्हांला सांगतो आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही — नाही, हेही तितकंसं खरं नाही. सांगतो आहे, कारण आता गिळवत नाही. घशाशी आलेलं आंबट पाणी माणसानं किती दिवस परत परत गिळायचं?

कुंभकोणात मला ‘परवै राव’ म्हणतात. परवै म्हणजे तमिळमध्ये पक्षी. पाखरांचा राव. शाळांतून मला बोलावतात, खांद्यावर शाल घालतात, मुलांना सांगतात — हे गृहस्थ पाखरांवर लेकरांसारखी माया करतात. मुलं टाळ्या वाजवतात. मी हात जोडतो. मान खाली घालतो, त्याला लोक नम्रपणा समजतात. अशा प्रत्येक शालीनंतर घरी येऊन मी हात धुतले आहेत, साबण लावून, कोपरापर्यंत. बायकोला वाटायचं, स्वच्छतेची फार हौस.

तेव्हा पन्नासचं दशक निम्म्यावर आलं होतं. मी स्टेशनाजवळच्या एका लॉजमध्ये मॅनेजर होतो. इंग्रजी बरं होतं, तमिळ तर रस्त्याचीच भाषा, आणि घरात आमची ती जुनी तंजावरी मराठी, जी ऐकून पुण्याकडचा माणूस हसू दाबतो. तीन भाषांचा माणूस म्हणून देवळं पाहायला येणाऱ्या गोऱ्या लोकांबरोबर मला पाठवत. मग एकदा निलगिरीतला एक म्हातारा मळेवाला आला. त्याला देवळं नको होती, पाखरं हवी होती. त्याला घेऊन मी तळी हिंडलो, समुद्राकाठी कोडिक्करैच्या खाजणात हरणं दाखवली. त्यानं आपल्या ओळखीच्यांना लिहिलं आणि हळूहळू तसलेच लोक येऊ लागले. गळ्यात दुर्बीण, पायांत चिखलाचे बूट. मला ते काम आवडायचं. खरंच आवडायचं — हे कशाला सांगतो आहे? आवडत होतं म्हणून काय झालं?

त्या वर्षी मिसेस वॉरेन आल्या. आफ्रिकेच्या दक्षिण भागात, झांबेझी नदीच्या काठानं, त्या लोकांना जंगल दाखवायला नेत. तोच त्यांचा व्यवसाय. एका सहलीत फक्त पाखरं, दुसरीत फक्त हत्तींच्या वाटा, एकीत तर नुसती झाडं आणि फुलं. आता आपल्याच काही हौशी मंडळींना घेऊन त्या बोटीनं इकडे आल्या होत्या. साठीच्या आसपास, उंच, उन्हानं भाजलेल्या. त्यांना पाहायचा होता एकच पक्षी, त्यांच्याकडे न मिळणारा — पिवळ्या चोचीचा, पाठीशी गुलाबी पिसं असलेला मोठा करकोचा. माझ्याशी आधी पत्रव्यवहार झाला होता. मी बेधडक कळवलं होतं : खात्रीनं दिसेल.

तिरुक्करुगावूरच्या पलीकडे एक खेडं आहे, त्याच्या तळ्यात बाभळींचं बन आहे. दरवर्षी पावसाळा सरत आला की ते करकोचे तिथे घरटी बांधायला येत. गावातले लोक म्हणत, या आमच्या लेकी, बाळंतपणाला माहेरी येतात. आपल्या तिरुक्करुगावूरची देवी गर्भ राखणारी, म्हणून इथेच येतात. त्या दिवसांत गावात कुणी फटाका उडवत नसे, तळ्यापाशी कुणी मोठ्यानं भांडत नसे. मला ही श्रद्धा ठाऊक होती. पाहुण्यांना रंगवून सांगायचो मी ती.

आणि त्या वर्षी पाऊस लांबला. करकोचे आलेच नाहीत. दोन-चार कुठेतरी लांबच्या शेतांत उतरत, माणूस दिसला की उडून जात.

लॉजच्या व्हरांड्यात कॉफी पिताना मी मिसेस वॉरेनना अंदाज घेत विचारलं, तुमच्याकडे एखादं जनावर दिसलंच नाही तर तुम्ही काय करता?

“काय करणार?” त्या म्हणाल्या, “मंडळींना सांगते, आज आला नाही. तो आपला नोकर थोडाच आहे? रिकाम्या हातानं परततो आणि उद्या पुन्हा जातो.”

मी हसलो. मनात म्हटलं, बाई भोळी आहे. धंदा असा चालतो होय? खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती, की ‘खात्रीनं’ लिहिणारा राव खोटा ठरेल. नुसता माझा शब्द! बाई मोकळेपणी म्हणत होती, नाही दिसला तरी चालेल — आणि तरीही मी थांबलो नाही. हे नीट लक्षात घ्या. माझ्यावर कुणाचंही दडपण नव्हतं.

त्या खेड्यात काळियन राहायचा. बगळे पकडून कुंभकोणच्या बाजारात वेताच्या करंडीतून विकायचा. तोंडाचा पट्टा सतत चालू, मिशीचा भारी अभिमान; बोलताना एक टोक पिळत असे. माझ्याशी त्याचं जमायचं. पाहुणे असले की तोच मला पाखरांची खबर द्यायचा. मी त्याला म्हटलं, एक करकोचा धरून दे. तळ्यात उभा करू, मंडळी बांधावरून लांबून पाहतील, मग सोडून देऊ.

तो बराच वेळ मिशी पिळत राहिला. “सोडणार ना, ऐया? गावाला कळलं तर मला जिता गाडतील.”

“सोडणार.”

त्यानं धरला. एक पीससुद्धा मोडलं नव्हतं, पाय मऊ कापडानं बांधलेले. तळ्याच्या दुसऱ्या अंगाला, गावापासून दूर, एक पडका दगडी मंडप आहे. तिथे संध्याकाळी आम्ही तो पोत्यात गुंडाळून ठेवला. पण तो सारखा धडपडत होता. पायाला दोरी बांधून पाण्यात उभा केला, तर उडायला बघायचा आणि तोंडावर आपटायचा. लांबूनही कुणाला कळलं असतं, की बांधलेला आहे.

बाजारातले बगळे करंडीत शांत बसतात. का बसतात, हे कुंभकोणातल्या पोरासोरांनाही ठाऊक आहे. त्यांच्या पापण्या शिवलेल्या असतात. दिसत नाही म्हणून हलत नाहीत.

मी काळियनला म्हटलं, याचेही शीव.

तो एकदम दोन पावलं मागे सरला. “बगळ्याचे शिवतो, ऐया. पोटासाठी शिवतो, खोटं कशाला बोलू? पण ही पोर माहेरी आलेली. हिचे मी शिवणार नाही. दिसला नाही तर नाही दिसला म्हणून सांगा त्या बाईला.”

एवढं बोलून तो गेला. रागावून नाही — कीव आल्यासारखा गेला. सकाळी येतो म्हणाला.

आणि सुई माझ्या खिशात होती. लॉजमधल्या उशांचे अभ्रे शिवायची सुई, पांढरा दोरा ओवलेली. म्हणजे काळियन नाही म्हणेल हे मी धरूनच आलो होतो. म्हणजे मी ठरवून आलो होतो. इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलो, की त्या क्षणी काहीतरी सुचलं आणि हातून घडून गेलं. घडून गेलं! दोरा ओवलेली सुई खिशात घेऊन कुणाच्या हातून काही घडून जातं का?

मी त्या पाखराचं डोकं काखेत दाबलं. चोच सुतळीनं बांधली, कारण ते ती सारखी वाजवत होतं — लाकडावर लाकूड आपटावं तसा आवाज. त्याला ओरडता येत नाही. एवढा मोठा पक्षी, आणि कंठात आवाज नाही. चोच वाजवणं हाच त्याचा ओरडा, आणि तो मी बांधून टाकला. अंगाला चिखलाचा, मासळीचा वास. पापणी कांद्याच्या आतल्या सालीइतकी पातळ होती. सुई पहिल्यांदा घसरली. दुसऱ्यांदा जास्त आत गेली. डाव्या डोळ्यातून पाणी आलं, मग पाणी तांबडं झालं. मी थांबलो का? धोतराच्या सोग्यानं पुसलं आणि टाका पुरा केला. मग दुसरा डोळा. दुसरा मला जास्त चांगला जमला — आणि जमल्याचं मला बरं वाटलं. ऐकताय ना? बरं वाटलं.

मग ते शांत झालं.

बस पकडून घरी आलो. बायकोनं, रुक्मिणीनं, धोतरावरचा डाग पाहिला. “हें काय लागलें हो?” मी म्हटलं, स्टेशनात कुणी पानाची पिंक टाकली. तिनं त्या न पाहिलेल्या माणसाला दोन शिव्या घातल्या, मला आंघोळीला पाणी दिलं. मी आंघोळ केली, संध्या केली, आणि ज्या हातानं सुई धरली त्याच हातानं आंबट वरण-भात कालवून जेवलो. दोनदा वाढून घेतला. भूक लागली होती.

सकाळी मोटारीतून मंडळींना घेऊन गेलो. पाखरं बुजतील, मी पुढे जाऊन बघून येतो, म्हणून त्यांना रस्त्यावर थांबवलं. काळियन लव्हाळ्यात बसला होता. पहाटे त्यानंच चोचीची सुतळी सोडून करकोचा पाण्यात उभा केला होता. दोरी त्याच्या हातात होती. मला पाहून तो पुटपुटला, “काय केलंत हे, ऐया? मी उसवतो.”

“आता नको. आले ते. गेले की लगेच उसव.”

त्यानं मिशीला हात लावला नाही. दोरी धरून खाली बसला, माझ्यासाठी.

मंडळी बांधावर आली. दुर्बिणी वर गेल्या. तो उथळ पाण्यात उभा होता, गुलाबी पिसांवर कोवळं ऊन, पिवळी चोच खाली झुकलेली. कुणीतरी हळूच “अहाहा” म्हटलं. मला आनंद झाला. मिसेस वॉरेन मात्र दुर्बीण खाली घेईनात. “हा मान का वळवत नाही?” त्या म्हणाल्या. “एवढी माणसं आली, याला चाहूल कशी नाही?” आणि मी काही बोलायच्या आत त्या बूट-मोज्यांसकट पाण्यात उतरल्या.

त्या त्याच्या अगदी जवळ पोचल्या तरी तो उडाला नाही. त्या वाकल्या. मग त्यांच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी कुठल्याही भाषेत सांगू शकणार नाही. त्यांनी पाण्यातली दोरी धरली आणि ओढत ओढत लव्हाळ्यापर्यंत गेल्या. दुसऱ्या टोकाला काळियन.

बाभळीखाली गुरं घेऊन आलेली दोन-तीन माणसं ओरडा ऐकून धावली. पाठोपाठ गाव आलं. सगळे काळियनकडे पाहत होते आणि काळियन माझ्याकडे. त्याला इंग्रजी येत नव्हतं. बाईंना तमिळ येत नव्हतं. मध्ये मी एकटा.

“त्याला विचारा,” मिसेस वॉरेन म्हणाल्या, “त्यानं हे का केलं?”

मी काळियनकडे वळून, गावाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हटलं, “गप्प राहा. मी निस्तरतो.”

तोही हळूच म्हणाला, “ऐया, डोळे मी शिवले नाहीत एवढं तिला सांगा. गावालाही सांगा. बाकी काही सांगू नका हवं तर.”

मी बाईंकडे वळलो. म्हटलं, “तो म्हणतो, आम्ही असंच करतो. विकायला.”

त्या म्हणाल्या, “त्याला सांगा, तू माणूस नाहीस. ज्या हातांनी हे केलं ते हात पुन्हा कधी आपल्या लेकरांना लावू नकोस.”

आणि हे मात्र मी नीट भाषांतर केलं. शब्दाला शब्द, गावासमोर, मोठ्यानं. त्या सकाळी माझ्या तोंडून निघालेलं तेवढं एकच भाषांतर खरं होतं.

गावच्या मुख्यानं मला विचारलं, “राव, तुम्हांला ठाऊक होतं?”

मी म्हटलं, “मी आत्ताच तर आलो.”

पाखरं धरणारा माणूस आणि लॉजचा मॅनेजर राव — गावानं कुणाचं ऐकायचं? त्यांना क्षणभरही विचार करावा लागला नाही. काळियननं दोनदा तोंड उघडलं, पहिल्यांदा कुणीतरी त्याच्या कानशिलात मारली. दुसऱ्यांदा तो आपण होऊनच थांबला. माझ्याकडे पाहून थांबला. मी काहीतरी करीन असं त्याला तेव्हाही वाटत असावं.

बाईंनी पिशवीतून नखं कापायची कात्री काढली. म्हणाल्या, “मिस्टर राव, धराल का याला?” मी धरलं. पुन्हा काखेत डोकं. त्यानं मला ओळखलं — वासानं म्हणा, कशानं म्हणा — कारण इतका वेळ दगडासारखं उभं असलेलं ते पाखरू माझा हात लागताच धडपडायला लागलं. बाईंनी एकेक टाका कापला. उजवा डोळा उघडला. डाव्यात नुसता पू होता. माझे हात कापत होते. ते पाहून त्या म्हणाल्या, “तुमचं मन फार कोमल आहे.” सोबतच्या एका बाईनं माझ्या खांद्यावर हात ठेवला.

मी तो हात झटकला नाही.

त्यांच्या सांगण्यावरून करकोचा मी घरी आणला. परसात तुळशीमागे ठेवला. रुक्मिणीनं त्याच्यापुढे पाण्याची परात भरली, बाजारातून मासळी आणवली — आमच्या घरात कधी मासळी आली नव्हती. त्यानं चोच लावली नाही. मंडळी मद्रासला निघून गेली आणि तो मेला. मी त्याला पोत्यात घालून कावेरीच्या वाळूत पुरला आणि मिसेस वॉरेनना कळवलं, की बरा होऊन उडाला. त्यांनी आपल्याकडच्या कुठल्याशा पत्रकात माझ्यावर लिहिलं. त्यानंतर पाहुणे वाढले. गोरे आले, मग आपले आले, मग शाळा आल्या.

काळियनला गावानं चावडीच्या खांबाला बांधलं. अर्धी मिशी उतरवली, तळ्याचं पाणी बंद केलं, झोपडी मोडली. हे मला त्याच्या बायकोकडून कळलं. चेल्लम्मा तिचं नाव. ती आमच्या दारात आली होती, कडेवर मूल घेऊन. मी आतल्या खोलीत होतो. दाराआडून सगळं ऐकू येत होतं.

“अम्मा, रावांना एकदा गावात येऊन खरं सांगायला सांगा,” ती म्हणत होती. “आम्ही परत बोलणार नाही. आम्हांला तळ्याचं पाणी तेवढं मिळू दे.”

रुक्मिणी कधी कुणाला तोडून बोलत नसे. त्या दिवशी म्हणाली, “खरं काय सांगायचं राहिलंय? माझ्या परसात तडफडून मेलं ते पाखरू. तुझ्या नवऱ्याचं तोंड पाहायचं नाही मला. जा.”

दार लागलं. चेल्लम्मा बराच वेळ ओट्यावर बसून होती. मुलाचं खोकणं ऐकू येत होतं. माझ्यात आणि तिच्यात एक भिंत होती. बाहेर जाऊन काय बोलायचं ते मला शब्दशः ठाऊक होतं. मी खाटेवर बसून राहिलो. ती उठून गेल्याचं कळलं तेव्हा मला हायसं वाटलं. रुक्मिणी आत येऊन म्हणाली, “तुमच्या जिवाला किती लागलें तें मज दिसतें.” रुक्मिणी वारेपर्यंत तिला तसंच दिसत राहिलं.

पुष्कळ वर्षांनी तंजावरहून परत येत होतो. एका शाळेत सत्कार होता. त्या शाळेची दोन माणसं सोबत होती, शाल मांडीवर होती. गाडी सुंदरपेरुमाळ कोयिलला थांबली. फलाटावर केळीच्या पानांचे भारे चढवणारा एक म्हातारा माझ्या खिडकीपाशी येऊन थांबला. ओठांवर मिशी नव्हती. मी ओळखलं नाही असं दाखवायला तोंड फिरवणार, तोच तो म्हणाला, “ऐया, बरं आहे ना?”

मी मान हलवली. आता हा सगळं बोलणार, या दोघांसमोर, असं वाटून मी मांडीवरची शाल आवळून धरली. तो फक्त गजांना धरून उभा होता. मग थोडा पुढे वाकला, हळू आवाजात, जणू आमच्या दोघांतलंच काही विचारावं तसं त्यानं विचारलं, “ते पाखरू — जगलं का हो?”

सोबतची माणसं कौतुकानं बघत होती. परवै रावांना हमालसुद्धा पाखरांची खुशाली विचारतात.

“उडालं,” मी म्हटलं.

त्याचा चेहरा उजळला. काही काही चेहरे खरोखर उजळतात. “उडालं!” तो म्हणाला. “चेल्लम्माला सांगतो. तिला सारखं वाटायचं, मेलं असेल.” गाडी हलली, तशी त्यानं गज सोडले आणि मागे सरून दोन्ही हात जोडले. मला. आणि मीही खिडकीतून हात जोडले.